किटलीच्या खुंटीवरचा हातमोजा

हेल्मेट दोन. कपाळाला बांधायचे दिवे दोन, त्यांचे सुटे सेल आठ. वीस मीटर दोर एक. शिट्ट्या दोन, थर्मास एक, कप दोन, आईने भाजलेली बिस्किटं सहा. आणि टेबलाभोवती माणसं तीन.

या मोजदादीत चूक कुठे आहे हे तुमच्या लक्षात आलंच असेल. ती माझ्या समोरच बसली होती आणि चौथं बिस्किट खात होती.

चुकीचं नाव होलिस इंगरसॉल. त्याच्याकडे वळतोच, पण आधी योजनेबद्दल. मी विज्ञानाचा पदवीधर आहे. फ्रेडरिक्टनला चार वर्षं भौतिकशास्त्र शिकून मी हॅडक कोव्हला परत आलो आणि धक्क्याजवळच्या माहिती केंद्रात पर्यटकांना भरती-ओहोटीमागचा चंद्र समजावून सांगू लागलो. त्यामुळे हे मी छातीठोकपणे सांगतो: किटलीत जाऊन सुखरूप परत येण्याची इतकी निर्दोष योजना आमच्या किनाऱ्यावर आजवर कुणी केली नव्हती. पानं अकरा, आकृत्या सात! पहिल्या पानावर ठळक अक्षरांत पहिला नियम: ‘गुहेत एकट्याने जाऊ नये.’

किटली म्हणजे आमची गुहा. ओहोटीला तिच्या तोंडातून चालत आत जाता येतं. भरतीला तिथे दोनमजली घर बुडेल एवढं पाणी असतं. पाणी चढायला लागलं की आतली हवा मागच्या फटीतून बाहेर पडते आणि शिट्टी गावभर ऐकू येते, म्हणून किटली. शिट्टी वाजेल तेव्हा आतला माणूस बाहेर असायला हवा. नसेल तर त्याच्या वाटणीचा चहा ओतू नका, असं आमच्याकडे पोरांना पाळण्यातच सांगतात.

आणि योजना होती ओडीलसाठी. ओडील आर्सनो उत्तरेकडच्या कॅराकेटची. मे महिन्यात ती आमच्याकडे बार्नेकल मोजायला आली. खडकाला चिकटलेले ते पांढरे, धारदार कवचांचे जीव असतात ना, ते. चौरस सेंटिमीटरची जाळी खडकावर ठेवून ती तासन्‌तास ओणवी बसायची, आणि मी माहिती केंद्राच्या खिडकीतून चंद्राविषयी बोलता बोलता तिच्याकडे बघायचो. तिच्या विद्यापीठाने तिला बजावलं होतं की गुहेत जाताना गावातलं माहीतगार माणूस सोबत हवं. ‘माहीतगार माणूस’ हे दोन शब्द तिने उच्चारले आणि मी अकरा पानं लिहायला बसलो.

आता होलिस. होलिस शेवंडं पकडतो. त्याची स्वतःची बोट आहे. त्याचे दंड मी मोजलेले नाहीत, पण माझ्या मांड्यांच्या जवळपास भरतील. दात सगळे जागच्या जागी. एवढ्या भांडवलावर माणसाचा राग करणं सोपं असतं, पण होलिस वर स्वभावानेही चांगला आहे. यासारखा दुष्टपणा दुसरा नाही!

“मी बोट घेऊन गुहेच्या तोंडाशी थांबतो,” चौथं बिस्किट संपवून तो म्हणाला. “काही झालंच तर तुम्हाला उचलता येईल.”

“चांगली कल्पना आहे,” ओडील म्हणाली.

मी म्हणालो की योजनेत बोट नाही. ती म्हणाली, मग घालू या. मी आकृती क्रमांक पाच उघडून दाखवली. बोटीच्या इंजिनाचा आवाज गुहेत घुमतो, आणि त्याने बार्नेकलांच्या नैसर्गिक वर्तनात व्यत्यय येण्याची शक्यता नाकारता येत नाही, असं मी गंभीरपणे सांगितलं.

“बार्नेकलना कान नसतात,” ओडील म्हणाली.

होलिस हसला, ओडीलही हसली. त्यांचं हसणं एकाच वेळी सुरू झालं आणि एकाच वेळी थांबलं, हे मी टिपून ठेवलं.

पण माझ्याकडे एक हुकमाचा पत्ता होता. तो लोकरीचा होता.

धक्क्यावर माझ्या व्हर्ना आत्याची खानावळ आहे. खानावळीत शेगडीशेजारच्या भिंतीवर एक फळी आहे, फळीवर ओळीने खुंट्या. प्रत्येक खुंटी किनाऱ्यावरच्या एकेका जागेची. भरतीच्या रेषेखाली उतरणाऱ्या माणसाने आपला डावा हातमोजा त्या जागेच्या खुंटीला टांगायचा आणि परत आला की काढून घ्यायचा. आमचे हातमोजे म्हणजे बोटं नसलेले, अंगठ्यापुरता वेगळा कप्पा असलेले जाड लोकरी मोजे. दर घराचं विणकाम वेगळं. आमचं गप्टिलांचं पांढऱ्यावर काळ्या नागमोडी रेघांचं, इंगरसॉलांचं लाल-करड्या चौकड्यांचं. मोजा पाहिला की कोणाचं माणूस खाली आहे ते आत्याला कळतं. किटलीची शिट्टी वाजली की ती हातातलं काम टाकून फळीपाशी येते, आणि किटलीच्या खुंटीवर काही लटकत असेल तर धक्क्यावरची घंटा बडवते. घंटा वाजली की गाव धावतं.

बाहेरच्या माणसाकडे मोजा कुठला असणार? त्याला गावातलं कुणीतरी उसना देतं. आणि ज्याने दिला त्याने त्या माणसाला सुखरूप परत आणायचं, अशी रीत आहे. तरुण मुलाने तरुण मुलीला दिला तर गाव या रीतीचा आणखीही एक अर्थ लावतं, पण तो ओडीलला सांगण्याची घाई मला नव्हती.

आजीच्या पेटीत आजीने विणलेली एक कोरी जोडी होती. आमचे मोजे मुद्दाम ढगळ विणतात आणि मग गरम पाण्यात चोळून आटवतात, म्हणजे वीण घट्ट होते आणि वारा आत शिरत नाही. ही जोडी आटवायची राहिली होती. मी ती शास्त्रीय पद्धतीने आटवायचं ठरवलं. ओडीलच्या हाताची लांबी मी अंदाजाने काढली, तापमान ठरवलं, साबण वजन करून घेतला, आणि आईच्या धुलाई यंत्राशेजारी उभा राहिलो.

यंत्राच्या वर खिडकी होती आणि खिडकीतून धक्का दिसत होता. धक्क्यावर होलिस ओडीलला दोराची गाठ मारायला शिकवत होता. मी सांगतो, त्या गाठीला एवढा वेळ लागत नाही! मी स्वतः ती झोपेतही मारतो. त्याने तिचा हात धरून दोर फिरवला, मग सोडवला, मग परत फिरवला. मी बघत राहिलो. यंत्र फिरत राहिलं.

मी झाकण उघडलं तेव्हा आत दोन अतिशय घट्ट, अतिशय सुबक हातमोजे होते. वीण निर्दोष, एक धागा हललेला नाही. आकार मात्र सुदृढ मांजराला होईल एवढा.

मी ते खिशात कोंबले आणि त्यांचं काय करायचं याचा विचार करतोय, तेवढ्यात गुरुवारी संध्याकाळी ओडील माहिती केंद्रात आली. हातात लाल-करडे चौकडे!

“होलिसने दिले,” ती म्हणाली. “किती ऊब आहे यांना.”

मी म्हणालो, असेल. त्या रात्री आईने जेवायला काय केलं होतं ते मला आठवत नाही. मी बराच वेळ काटा तोंडात धरून बसलो होतो, असं ती सांगते.

किटलीत जायचं होतं शनिवारी. शुक्रवारी सकाळी मी आत्याकडे चहा प्यायला गेलो. खानावळीत कुणी नव्हतं, आत स्वयंपाकघरात भांडी वाजत होती. सवयीने फळीकडे नजर गेली आणि तिथेच खिळली.

किटलीच्या खुंटीवर इंगरसॉलांचे दोन हातमोजे टांगलेले होते. एकाच खुंटीवर, एकमेकांना टेकून.

दोन मोजे म्हणजे दोन माणसं. मी दाराशी जाऊन धक्क्याकडे पाहिलं. होलिसची बोट जागेवर नव्हती. एका बाजूला दोन मोजे, दुसऱ्या बाजूला गैरहजर बोट. दोन स्वतंत्र निरीक्षणं एकच निष्कर्ष देत असतील तर तो मानायचा, असं मला चार वर्षं शिकवलेलं होतं. माझी अकरा पानं, माझ्या सात आकृत्या, माझी गुहा, आणि ते दोघं माझ्याशिवाय एक दिवस आधी तिथे गेले होते. बोटीतून!

मी ठरवलं की जाऊन बघायला हवं. निव्वळ सुरक्षिततेच्या दृष्टीने. त्यांच्याकडे सुटे सेल तरी होते का?

आत्याला हाक मारली असती तर तिने कुठे, कशाला, कोणाबरोबर हे सगळं विचारलं असतं, म्हणून मारली नाही. पण नियम म्हणजे नियम. माझे नेहमीचे मोजे घरी शेगडीवर वाळत होते. मी खिशातल्या जोडीतला डावा काढला आणि त्या चौकड्यांशेजारी किटलीच्या खुंटीला टांगला. मोठा दिसत नव्हता, पण नियमात मापाचा उल्लेख नाही.

किटलीत मी पाय न वाजवता शिरलो. दिवा लावला नाही. तो लावला तर ते दोघं सावध झाले असते आणि माझ्या पाहणीत व्यत्यय आला असता. भिंतीला हात लावत, बार्नेकलांवर तळवे खरवडून घेत मी आत आत गेलो. काही नाही. पाण्याचे थेंब. मग मागच्या कोपऱ्यातून आवाज आला.

“अऽऽऊऽऽ.”

कुणीतरी कुणाला फार गोड, फार खाजगी गोष्ट सांगावी आणि ऐकणाऱ्याने लाजत, चेकाळत दाद द्यावी, तसा आवाज. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. मी दबकत पुढे सरकलो. परत, “अऽऽऊऽऽ!” मी दिवा लावला.

डबक्यात आयडर बदक होतं. ते पट्ठे असेच बोलतात, हे मला माहीत होतं. पण मत्सराने माणसाचं पक्षिशास्त्र कच्चं होतं. बदकाने माझ्याकडे मान तिरकी करून पाहिलं आणि तिसऱ्यांदा दाद दिली.

गुहेत दुसरं कुणी नव्हतं. म्हणजे ते बोटीतून आणखी कुठे तरी गेले होते. हा निष्कर्ष पहिल्यापेक्षा वाईट होता. मी बाहेर आलो. धक्क्यावरून परत जावं तर ते दोघं हातात हात घालून बोटीतून उतरताना दिसायचे, अशी भीती वाटली, म्हणून कड्यावरच्या पायवाटेने थेट घरी गेलो, दार लावलं आणि कालच्या माशाच्या टिक्क्या गार खाल्ल्या. हातमोज्याची आठवण? माणूस जळत असतो तेव्हा त्याला लोकर आठवत नाही.

यथावकाश किटलीची शिट्टी ऐकू आली. मी केलेल्या भाकितापेक्षा अगदी थोडी उशिरा. त्या दिवशी मला मिळालेलं तेवढंच समाधान. ते पुरतं उपभोगायच्या आत घंटा वाजू लागली.

मी ताडकन उठलो. घंटा म्हणजे किटलीत माणूस. माणूस म्हणजे ओडील. मी हेल्मेट चढवलं, दुसरं बगलेत मारलं, दोर खांद्यावर टाकला, गळ्यात दोन्ही शिट्ट्या अडकवल्या आणि धावत सुटलो. खरं सांगायचं तर भीतीच्या जोडीला मनात एक बारीकसा आनंदही होता. होलिस तिला आत घेऊन गेला होता आणि मी तिला बाहेर काढणार होतो!

धक्क्यावर सगळं गाव जमलं होतं. गर्दीच्या पुढेच ओडील उभी होती. कोरडी. आत्याच्या खानावळीचा एप्रन बांधलेली, हातात बटाटे सोलायची सुरी. आणि होलिसची बोट सामान उतरवायच्या जागेकडून नुकतीच धक्क्याला लागत होती, आमिषाच्या माशांचे ओले डबे घेऊन. तो एकटाच होता. म्हणजे सकाळभर ती शेगडीपलीकडच्या दारामागे बटाटे सोलत होती आणि तो सडक्या हेरिंग माशांमध्ये कोपरापर्यंत होता. मला इतका आनंद झाला की आत कोण अडकलंय हे विचारायचं भान राहिलं नाही.

“कोण आहे आत?” शेवटी मी विचारलं.

“मूल आहे,” डाकघरातला मर्ल चेनी म्हणाला आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“कुणाचं?”

सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी दुसरीकडे पाहिलं की आपसात कुजबुजत होते. “चार वर्षं फ्रेडरिक्टनला होता ना,” असं काहीसं माझ्या कानावर आलं. “म्हणजे तीन तरी पुरी झाली असतील त्याला.” मला वाटलं, ते माझ्या शिक्षणाबद्दल बोलताहेत आणि अशा प्रसंगी शिकलेला माणूस हवा, असं त्यांचं मत पडतंय. मी छाती पुढे काढली.

“मी जातो,” मी म्हणालो. “योजना तयार आहे.”

“जायलाच हवं तुला,” आत्या म्हणाली. तिचे डोळे लाल होते. “लॉर्न्या, तू आम्हाला सांगायला हवं होतंस रे. आम्ही काय तुला खाल्लं असतं?”

मी म्हणालो की योजनेची एक प्रत मी खानावळीत ठेवलेली आहे. तिने डोळ्याला पदरासारखा एप्रन लावला. ओडील होलिसच्या बोटीत चढली. मुलाजवळ कुणीतरी बाई हवी, एवढंच म्हणाली. मी चढलो. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत इतकी करुणा होती की यासाठी मी आणखी अकरा पानं लिहिली असती.

बोट निघाली. धक्का मागे पडला. मग होलिसने पुढे बघतच विचारलं,

“नाव काय त्याचं?”

“कुणाचं?”

“लॉर्न, मी कुणाला काही विचारणार नाही. आई कोण, कुठे असते, तो तुझा प्रश्न. पण आत शिरून हाक मारायची तर नाव लागेल.”

“होलिस, मला खरंच माहीत नाही.”

“नावही माहीत नाही?” ओडील म्हणाली. आता त्या आवाजात करुणा नव्हती. तिने स्वेटरच्या आतून काहीतरी काढलं. “आत्याने दिलाय. सापडलं की हात गार पडलेला असेल, म्हणून मी ऊब देत होते.”

तिच्या तळव्यावर एक हातमोजा होता. पांढऱ्यावर काळ्या नागमोडी रेघा. वीण निर्दोष.

माझं डोकं तसं वेगाने चालतं. डावा मोजा, किटलीची खुंटी, गप्टिलांची वीण, तीन वर्षांच्या हाताचं माप, फ्रेडरिक्टन. सगळी साखळी मला एका क्षणात दिसली. खरं बोलायचं तर तोच क्षण होता. पण खरं काय बोलणार? मी एकटा गेलो होतो, चोरून, दिवा न लावता, तुम्हा दोघांना पकडायला? त्यापेक्षा लपवलेल्या मुलाचा बाप ठरलेलं बरं, असं मला क्षणभर वाटलं. मी म्हणालो,

“आधी तोंडाशी जाऊन तर बघू.”

किटलीच्या तोंडाशी पाणी कमानीच्या निम्म्यावर आलं होतं आणि आतून शिट्टी फुटत होती. होलिसने इंजिन बारीक केलं, सुकाणू ओडीलच्या हातात दिलं, आणि खाली बसून बूट काढू लागला.

“काय करतोस?” मी विचारलं.

“मागे उजवीकडे वरती कपार आहे. लहान असेल तर तिथे चढलं असेल. मी पोहत जातो. लाटेने बाहेर फेकलं तर तू दोर टाक.”

आमच्या उपसागराचं पाणी जूनमध्ये नऊ अंशांच्या वर जात नाही. त्यात माणसाचे हात किती वेळ चालतात, हे योजनेच्या आठव्या पानावर आहे, आणि ते होलिसने वाचलेलं होतं. तो शांतपणे पायमोजेही काढत होता. माझ्या मुलासाठी! आयुष्यात पहिल्यांदा मला त्याच्या दंडांचा राग आला नाही. मी त्याचा दंड धरला. एका हातात मावत नाही.

“होलिस, थांब. आत मूल नाही.”

“तुला काय माहीत?”

“तो मोजा माझा आहे. आटला.”

बोट जागच्या जागी डोलत राहिली. ओडीलने मोज्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे, मग परत मोज्याकडे.

“म्हणजे आज किटलीत तू गेला होतास.”

“हो.”

“एकटा.”

“हो.”

“पहिल्या पानावर काय लिहिलंय?”

मी तो नियम म्हणून दाखवला. ठळक अक्षरं आवाजात आणता येत नाहीत, तरी प्रयत्न केला.

“मग का गेलास?”

“सुरक्षिततेसाठी. खुंटीवर तुमचे दोन मोजे होते. मला वाटलं, तुम्ही दोघं…”

“ते वाळत घातले होते मी,” ओडील म्हणाली. “सकाळी खडकावर भिजले. ती खुंटी शेगडीच्या सगळ्यात जवळ आहे. आणि एक डावा होता, एक उजवा. तू मोजमापाचा माणूस ना? अंगठे बघितले नाहीस?”

अंगठे मी बघितले नव्हते.

होलिस एक बूट घालून, एक हातात धरून बसला होता. त्याचे खांदे हलायला लागले. नेमकं त्याच वेळी कमानीखालून ते आयडर बदक पोहत बाहेर आलं, बोटीला वळसा घालताना माझ्याकडे मान तिरकी केली आणि म्हणालं, “अऽऽऊऽऽ.” मग होलिसला हसू आवरलं नाही. ओडीललाही. दोघांचं हसणं एकाच वेळी सुरू झालं, आणि या खेपेला थांबलंच नाही.

धक्क्यावर परतल्यावर मला सगळं गर्दीसमोर परत सांगावं लागलं, कारण मर्लला नीट ऐकू येत नाही. लोकांना हायसं वाटलं असेल, पण चेहऱ्यांवर ते फारसं दिसलं नाही. बऱ्याच जणांचा हिरमोड झाला होता. सगळ्यांत जास्त आईचा. घंटा वाजल्यापासून आम्ही परत येईपर्यंतच्या वेळात ती घरी जाऊन माळ्यावरून माझा पाळणा काढून, पुसून, अंगणात उन्हात ठेवून आली होती.

“मुळीच कुणी नाही?” तिने हळूच विचारलं.

मी नाही म्हणालो. तिने पाळण्याचं काही सांगितलं नाही. तो मला घरी गेल्यावर दिसला.

आत्याने मोजा दोन्ही हातांनी ताणून पाहिला. तो ताणला गेला नाही. “पन्नास वर्षं मोजे आटवतेय,” ती म्हणाली, “पण असा आटवलेला पाहिला नाही. वारा काय, यातून पाणीही जायचं नाही. तुझी आजी असती तर शाबासकी दिली असती आणि मग कानफटात.”

संध्याकाळी ओडील अकरा पानं घेऊन माझ्यासमोर बसली. मी तिच्या तोंडून काहीही ऐकायच्या तयारीत होतो. पण ती म्हणाली की योजना उत्तम आहे. कागदावर तिला एकही दोष सापडला नाही. उद्या अगदी तिच्याबरहुकूम जायचं, आकृत्यांसकट. फक्त माहीतगार माणूस तेवढं बदलावं लागेल.

मी होलिसकडे पाहिलं. होलिस खाली बघत होता. झालं, मी मनात म्हटलं.

“व्हर्ना आत्या,” ओडील म्हणाली, “तुम्ही याल का?”

शनिवारी माझं हेल्मेट आत्याच्या डोक्यावर होतं. अंबाड्यामुळे ते जरा वर बसत होतं, पण पट्टा तिने चौथ्या पानावर सांगितल्याप्रमाणे बांधला होता. त्या दोघी हातात हात घालून किटलीत शिरल्या. होलिस आणि मी बोटीत बसून तोंडाशी पहारा देत होतो. इंजिन बंद. मध्ये थर्मास. कप दोन, माणसं दोन. हिशेब एकदाचा जुळला होता. बिस्किटं मी दोन खाल्ली, त्याने चार.

आतून हसण्याचे आवाज येत होते. या वेळी बदक नव्हतं. आत्याचं हसू मी ओळखतो. ती ओडीलला काहीतरी सांगत होती, फार गोड, फार खाजगी, आणि ओडील दाद देत होती. जन्मात मी माझ्या सख्ख्या आत्यावर जळेन असं मला वाटलं नव्हतं.

“काय बोलत असतील?” होलिसने विचारलं. त्याचाही चहा गार झाला होता.

ठरल्या वेळी दोघी बाहेर आल्या. शिट्टी वाजली तेव्हा आत्या फळीपाशी उभी राहून आपला मोजा काढून घेत होती. ओडीलला हवे होते ते सगळे बार्नेकल मोजून झाले होते. योजना पूर्ण यशस्वी ठरली, आणि मागच्या भिंतीकडचे मोजायला पुढच्या मोठ्या ओहोटीला परत जाणार आहोत. तेव्हा माझाही विचार होईल, असं ओडील म्हणाली. मोजा मात्र नीट टांगायचा.

सोमवारी चहाला गेलो तर फळीखाली एक नवी खुंटी दिसली. बाकीच्या ओळीच्या बरीच खाली, एकटीच. तिच्यावर माझा तो आटलेला डावा मोजा टांगलेला होता, पांढऱ्यावर काळ्या नागमोडी रेघांचा. आत्याने सांगितलं की खुंटी होलिसने ठोकली आणि खिळा ओडीलने धरला होता. किती वेळ धरला होता, ते मी विचारलं नाही.

खिशात टेप होतीच. मी मोजून पाहिलं. खुंटीची जमिनीपासून उंची: चौसष्ट सेंटिमीटर.